उसिकला जोड कोण?

20 जुलै 2025 रोजी, रविवारी, सोलापुरातल्या एका दैनिकाच्या क्रीडापानावर माझी पाळी होती. लंडनच्या वेम्ब्ली मैदानात युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर ओलेक्झांडर उसिक याने ब्रिटनच्या डॅनियल डुबोआला पाचव्या फेरीत बाद केले, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि शहर आवृत्ती छपाईला गेलेली होती. सोमवारच्या अंकात नुसता निकाल शिळा ठरणार होता, म्हणून वृत्तसंपादकांनी अर्ध्या पानाचे विश्लेषण मागितले आणि मथळाही स्वतःच सुचवला: ‘सर्वकालीन श्रेष्ठ उसिक’. आमच्या पानावर कुस्ती, क्रिकेट आणि खो-खो यांना रोजची जागा असते. बॉक्सिंगला ती मेरी कोम किंवा निखत झरीन जिंकल्यावरच मिळत आली आहे. त्यामुळे हा मथळा वाचकांना पटवून द्यायचा तर आधी तो मला पटायला हवा होता.

दुपारी एका तालमीचे वयस्कर वस्ताद मुलांच्या निवडचाचणीचे निवेदन घेऊन कार्यालयात आले. मी संगणकावर त्याच लढतीची पाचवी फेरी पुन्हा पाहत होतो. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांनी समालोचन बंद करायला लावले. हातांकडे त्यांनी फारसे पाहिलेच नाही. उसिक डावखुरा असल्यामुळे त्याचा उजवा पाय पुढे असतो, आणि तो पाय डुबोआच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला कसा पडतो, हे त्यांनी तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिले. त्या फेरीत डुबोआ दोनदा खाली गेला. दुसऱ्यांदा डाव्या हाताच्या ठोशाने, आणि लढत तिथेच संपली.

मी उसिकच्या 24 लढती आणि 24 विजय सांगितले, त्यावर वस्ताद म्हणाले, “चोवीस मारल्या म्हणताय, पण कुणाच्या मैदानात मारल्या ते सांगा की साहेब. गावच्या जत्रेत घरचा पैलवान सहसा हरत नसतोय.”

त्या प्रश्नाने माझ्या लेखाची मांडणीच बदलली. उसिकने 2016 मध्ये क्रूझरवेट या हेवीवेटहून हलक्या वजनगटातला आपला पहिला जागतिक किताब पोलंडच्या ग्वोवाट्स्कीकडून पोलंडमध्येच, ग्दान्स्क शहरात घेतला. पुढच्या वर्षी मार्को हुकला बर्लिनमध्ये आणि जानेवारी 2018 मध्ये मायरिस ब्रिएडिसला रिगामध्ये हरवले. क्रिमियात जन्मलेल्या या युक्रेनियन खेळाडूने त्याच वर्षीच्या जुलैत रशियाच्या मुरात गासिएव्हला मॉस्कोत हरवून त्या वजनगटाचे, चार वेगवेगळ्या जागतिक संघटनांचे चारही किताब एकत्र केले, आणि नोव्हेंबरमध्ये टोनी बेल्यूला इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला जाऊन बाद केले. हेवीवेटमध्ये आल्यावर 2021 मध्ये अँथनी जोशुआचे किताब घेतले, तेही लंडनमध्ये. ही यादी मी वाचून दाखवली तेव्हा वस्तादांनी नुसती मान डोलावली, पण वजनाचा आकडा ऐकून मात्र ते सावरून बसले. क्रूझरवेटची मर्यादा सुमारे 90.7 किलो, तिथून वर आलेल्या उसिकने डिसेंबर 2024 मध्ये आपल्यापेक्षा जवळपास 25 किलोंनी जड असलेल्या टायसन फ्युरीला तिन्ही पंचांच्या 116-112 अशा गुणांनी हरवले. त्याआधी मे महिन्यातल्या रियाधच्या लढतीत पंचांचे मत विभागले होते, पण नवव्या फेरीत फ्युरी दोऱ्यांच्या आधाराने कसाबसा उभा राहिला होता, हे कोणी नाकारत नाही.

तरीही ‘सर्वकालीन’ हा शब्द मला जड वाटत होता. वेम्ब्लीपर्यंत उसिकच्या हेवीवेट किताबाच्या लढती सहा, त्याही तिघांशीच, आणि ते तिघेही ब्रिटिश. जो लुईने 1937 पासून 25 वेळा किताब राखला. अलीने लिस्टन, फ्रेझियर आणि फोरमन अशा तीन अगदी वेगळ्या धाटणीच्या माणसांना हरवले. इव्हँडर होलिफील्डही क्रूझरवेट आणि हेवीवेट या दोन्ही गटांचा निर्विवाद विजेता होता, फक्त त्याच्या काळी चौथा किताब गणला जात नसे. यादी सोपी नाही. चार किताबांच्या काळातला सर्वांत मोठा हेवीवेट एवढे मी ठामपणे लिहिले, आणि थोड्या कुरकुरीनंतर वृत्तसंपादकांनी मथळ्यातला तो शब्द काढला.

पुढच्या प्रतिस्पर्ध्यांची चौकट उरली. वृत्तसंपादकांना फ्युरी सर्वांत वर हवा होता, कारण नाव खपते. पण दोनदा हरवलेल्या माणसाला तिसऱ्यांदा हरवून उसिकच्या पदरात नवे काय पडणार होते? न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करचा हक्क रांगेनुसार पुढचा होता. विसाव्या वर्षीच गाजू लागलेला मोझेस इटाउमा मला अजून कच्चा वाटत होता. माझ्या मते खरी जोड जर्मनीच्या अगित कबायेलची होती, कारण तो पोटावर आणि बरगड्यांवर मारतो. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याने झांग झिलेईसारखा धिप्पाड माणूस सहाव्या फेरीत तसाच खाली बसवला. उसिकला आजवर कोणी अस्वस्थ केले असेल तर ते अंगावरच्या ठोशांनीच. 2023 मध्ये व्रोत्सवाफ येथे डुबोआचा ठोसा कमरेच्या पट्ट्यापाशी बसला तेव्हा पंचाने तो नियमबाह्य ठरवून उसिकला सावरायला वेळ दिला, आणि त्या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. वस्तादांनी झांगची लढतही पाहायला मागितली. “ह्याच्याशी लावा,” ते म्हणाले, “पण लवकर लावा. अडतीस वय म्हंजे पाय कधी दगा देतील सांगता येत नाही.”

संध्याकाळी पानावर एक जाहिरात आली आणि चौकट निम्मी करावी लागली. मी फ्युरीला एका ओळीत बसवले, इटाउमाला दोन ओळी दिल्या आणि कबायेलचा परिच्छेद तसाच ठेवला. ऑक्टोबरमध्ये पार्कर फॅबिओ वॉर्डलीकडून 11 व्या फेरीत हरला, तेव्हा वस्तादांचा फोन आला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कबायेलबद्दलच.