क्रोममध्ये दिसतं, सफारीत नाही: माझा अनुभव

पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर तलावांचा साठा बघणारी माणसं मुंबईत घरोघरी आहेत. आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या पानावर मी तेच मांडलं होतं. भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी या सातही तलावांचा सकाळी सहाचा साठा, आणि त्याखाली टँकरची नोंदवही. नोंदवही फक्त सभासदांसाठी, म्हणून लॉगिन. पान एका डोमेनवर आणि माहिती देणारा सर्व्हर वेगळ्याच डोमेनवर. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये सगळं ठीक होतं, पण आयफोनवर सातही पट्ट्या रिकाम्या आणि कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत) दोनच शब्द: 'लोड फेल्ड'.

या दोन शब्दांवरून काहीही ठरवू नये. नेटवर्क तुटलं, सर्टिफिकेट चुकलं, दुसऱ्या डोमेनची परवानगी नाही, या सगळ्याला सफारी स्क्रिप्टपुरतं हेच म्हणते. खरं कारण ब्राउझर पानाच्या स्क्रिप्टला मुद्दामच सांगत नाही.

'आयफोनवर क्रोममध्येही चालत नाही, मग ब्राउझरचा प्रश्न नसणार' असं एका सभासदाने कळवलं. हा पुरावा नेमका उलट्या बाजूचा आहे. आपल्याकडे आयफोनवरचं क्रोम आतून सफारीचंच इंजिन, म्हणजे वेबकिट, वापरतं. दोन्हीकडे बंद आणि मॅकच्या क्रोमवर चालू, याचा अर्थ शोध वेबकिटच्या नियमांपाशी घ्यायचा. त्याआधी खाजगी विंडो उघडून आणि जाहिरात रोखणारी एक्स्टेंशन बंद करून एकदा बघावं. दोन मिनिटांचं काम, पण पुढचे दोन तास वाचू शकतात.

मग फोन केबलने मॅकला जोडला. फोनच्या सफारी सेटिंगमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली वेब इन्स्पेक्टर चालू करायचा, मॅकच्या सफारीत डेव्हलपरसाठीच्या सोयी चालू करायच्या, की डेव्हलप मेनूत फोन दिसतो. नेटवर्क टॅबमध्ये कॉर्सची, म्हणजे एका डोमेनच्या पानाने दुसऱ्या डोमेनची माहिती वाचण्याच्या परवानगीची, तक्रार होती: उत्तरात परवानगीचं हेडर (उत्तरासोबत येणारी सूचनेची ओळ) नाही. इथे बहुतेक जण सर्व्हरवर सगळ्यांना परवानगी देणारी चांदणी (*) टाकून मोकळे होतात. ते करू नये. कुकीसह (लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या खुणेसह) जाणाऱ्या रिक्वेस्टला चांदणी चालतच नाही, तिथे पानाचं नेमकं डोमेनच लिहावं लागतं. आणि आमच्याकडे ते आधीपासून लिहिलेलं होतं.

म्हणून ब्राउझर बाजूला ठेवून सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद, उघडला. माझ्या मते पहिलं पाऊल हेच असायला हवं. लॉगमध्ये काहीच नसेल तर रिक्वेस्ट फोनमध्येच अडली किंवा जोडणीच झाली नाही. सुरक्षित पानावरून असुरक्षित पत्ता, सर्टिफिकेट, ब्लॉकर, असं काहीतरी. फक्त 'ऑप्शन्स' (खऱ्या मागणीआधी ब्राउझर परवानगी विचारतो ती रिक्वेस्ट) असेल तर पूर्वपरवानगीत अडकली. 'गेट', म्हणजे माहितीची खरी मागणीसुद्धा, पोचलं असेल तर गडबड उत्तरात आहे. आमच्या लॉगमध्ये फोनच्या दोन ओळी एकाखाली एक होत्या: ऑप्शन्स २०४, गेट ४०१. मॅकच्या क्रोमच्या ओळी: ऑप्शन्स २०४, गेट २००. (२०० आणि २०४ म्हणजे ठीक.)

४०१ म्हणजे सर्व्हरने ओळखच पटवून घेतली नाही, कारण कुकी आलीच नव्हती. सफारी १३.१ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून, परक्या साइटच्या सगळ्या कुकी मूळ सेटिंगमध्येच अडवते. कुकीवर 'सेमसाइट नन' (दुसऱ्या साइटच्या पानावरूनही पाठवा) आणि 'सिक्युअर' (फक्त सुरक्षित जोडणीवर) लावलं की क्रोमचं समाधान होतं, सफारीचं होत नाही. पडताळायला फोनच्या सफारी सेटिंगमधलं 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' पाच मिनिटं बंद केलं आणि पट्ट्या भरल्या. कारण सापडलं. ते सेटिंग लगेच पुन्हा चालू केलं. सभासदांना ते बंद ठेवायला सांगणं हा उपाय नव्हे.

मग तक्रार कॉर्सची का? एन्जिनएक्समध्ये, म्हणजे आमच्या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'अ‍ॅड हेडर' मुळात २००, २०४, ३०२ अशा ठरावीक उत्तरांनाच हेडर जोडतं. ४०१ ला जोडत नाही. त्यामुळे खरा नकार ब्राउझरला वाचताच आला नाही. ओळीच्या शेवटी 'ऑल्वेज' लिहिलं की तो दिसतो. अजून एक खाच: सेटिंगच्या आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये (एका मार्गापुरत्या भागात) स्वतःचं एक जरी 'अ‍ॅड हेडर' असलं, तर बाहेरच्या ब्लॉकमधली सगळी त्याला लागू होणं थांबतं.

कायमचा उपाय म्हणून पानाच्याच डोमेनवर 'एपीआय' नावाचा मार्ग काढून तो प्रॉक्सीने (रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या मधल्या दुव्याने) आतल्या सर्व्हरकडे वळवला. प्रॉक्सीच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असली तर तो मार्ग कापून पुढे जातो, नसली तर तसाच जातो. ४०४ (पत्ता सापडला नाही) आलं तर आधी तिथे बघा. कुकीत जुनं डोमेन लिहिलेलं असेल तर तेही बदलावं लागतं. कुकी आता घरचीच झाल्यामुळे 'सेमसाइट लॅक्स' पुरतं. सगळ्यांना एकदा नव्याने लॉगिन करावं लागलं. सबडोमेननेही (त्याच डोमेनच्या पोटनावाने) काम झालं असतं, पण सबडोमेनचा आयपी पानाच्या आयपीपासून फार वेगळा असेल तर सफारी १६.४ पासून त्याच्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणते. दर आठवड्याला लॉगिन मागणारी नोंदवही कोण उघडेल?

चाचणी चालू असताना पूर्वपरवानगी साठवण्याची मुदत शून्य ठेवा. क्रोम ती जास्तीत जास्त दोन तास लक्षात ठेवतं, फायरफॉक्स २४ तास, सफारी फक्त दहा मिनिटं. ती मोठी असली तर बिघडलेलं सेटिंगही क्रोममध्ये काही काळ चालू दिसतं आणि खापर उगाच सफारीवर फुटतं.

एवढं करूनही एका सभासदाच्या जुन्या आयफोनवर आलेख कोराच. रिक्वेस्ट २००, आकडे आलेले. चूक तारखेत होती: '२०२५-०७-१४ ०६:००:००'. मधली रिकामी जागा क्रोम चालवून घेतं. जुनी सफारी ती तारीखच अवैध मानते. तिथे 'टी' घालायचा आणि शेवटी +०५:३० लिहायचंच. घाईत 'झेड' लावला तर ती वेळ जागतिक वेळ धरली जाते आणि सहाचा साठा साडेअकराला दिसतो. हे बदलून तोच जुना फोन पुन्हा उघडला. तुळशीच्या पट्टीवर बोट ठेवलं, वेळ सकाळी ६:०० अशी आली.