तुम्ही विचारलंत म्हणून: 2024 च्या अर्ध्यापर्यंतचे आवडते अल्बम

जून संपत आला की हा प्रश्न येतोच, यंदा नवीन काय ऐकलंत, आवडलेले अल्बम सांगा की. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दहा नावांची यादी हवी असते. ती देता येईल हो, पण त्यातले बरेचसे एकदा ऐकून सोडून दिलेले असतील. त्यामुळे जे पुन्हा पुन्हा लावले गेले तेवढेच सांगते, आणि गंमत म्हणजे ते जवळजवळ सगळे आटोपशीर निघाले.

मोठी नावं आधी उरकून टाकू. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' मार्चमध्ये आला, 27 ट्रॅक, सव्वा तासाच्या वर. काही ठिकाणी तर फारच भारी आहे, पण सलग ऐकायला बसले की मध्येच कुठेतरी लक्ष उडतं. टेलर स्विफ्टने एप्रिलमध्ये 16 गाण्यांचा अल्बम काढला आणि दोन तासांत आणखी 15 गाणी सोडली! यात गाण्यापेक्षा हिशोब जास्त आहे असं आपलं माझं मत. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या चार्टला, म्हणजे खपाच्या क्रमवारीला, 2024 मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांचे 1250 स्ट्रीम झाले की एक अल्बम खपला असं धरायचे, मग जितकी गाणी जास्त तितकं बरंच की, कात्री कोण लावणार.

आता खरं आवडलेलं. 17 मे ला दोन अल्बम एकाच दिवशी आले, दोन्हींत दहा-दहा गाणी. एक बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', वय 22, आणि दुसरा बेथ गिबन्सचा 'लाइव्ज आउटग्रोन', वय 59. बिलीने आधी एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, सोडलं नाही, सगळा अल्बम एकदमच ऐका म्हणाली, आणि ऐकल्यावर ते पटतं, कारण काही गाणी अर्ध्यात पूर्ण पलटी मारतात आणि तुकड्यात ऐकली तर त्यातली मजा जाते.

पण बेथ गिबन्स म्हणजे माझ्यासाठी या वर्षाचा अल्बम, आत्ताच सांगून टाकते. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची गायिका, नव्वदच्या दशकापासून गातेय, आणि स्वतःच्या एकटीच्या गाण्यांचा हा पहिला सोलो अल्बम, तोही दहा वर्षं करत होती. विषय काय तर गेलेली जवळची माणसं, थकत चाललेलं शरीर, मेनोपॉज. पॉपमध्ये यावर कोण गातं हो? नेहमीच्या ड्रमचा आवाज नको म्हणून तालाला घरातले डबे, भांडीसुद्धा वाजवली आहेत, त्यामुळे ताल कसा खोलीतच कोणीतरी धरलाय असा वाटतो. मरणाबद्दलच्या एका गाण्यात मधेच लहान मुलांचा कोरस येतो, तिथे मी हातातलं काम थांबवतेच. रडका अल्बम नाहीये हां, गैरसमज नको.

अरूज आफताबचा 'नाइट रेन' तिच्या खालोखाल. रात्री ऐकायचा, नावच तसं आहे (रेन म्हणजे पाऊस नव्हे, reign, राज्य). ब्रुकलिनमध्ये राहणारी पाकिस्तानी गायिका, आणि यात तिने अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या माह लका बाई चंदा या कवयित्रीचे शब्द घेतलेत. या अल्बमच्या बरोबर 200 वर्षं आधी, 1824 मध्ये, ती वारली आणि तिचे शब्द हार्प आणि बेसच्या साथीने आज असे येतात की उर्दू अर्धीमुर्धी कळली तरी काही अडत नाही. त्याच अल्बममध्ये ऑटोट्यूनही (आवाजाचा सूर यंत्राने बदलणं) आहे, शुद्धतावाद्यांनी जरा सांभाळून.

अमेरिकन गायिका जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' तर जेमतेम 27 मिनिटांचा, नऊ गाणी, आधीच्या अल्बमनंतर पाच वर्षांनी. साठच्या दशकातल्या रेडिओवरून आल्यासारखा आवाज. संपला की परत लावावासा वाटतो.

जॅझवाले विचारतीलच म्हणून, ब्रिटिश सॅक्सोफोनवादक शबाकाने सॅक्सोफोन बाजूला ठेवून बासऱ्या हातात घेतल्यात, एप्रिलचा अल्बम आहे, शांत आहे, कामाच्या मागे लावू नका, निसटून जातो. आणि कानठळ्या हव्या असतील तर नायजरच्या गिटारवादक म्दू मोक्तारचा 'फ्युनरल फॉर जस्टिस', गिटार नुसती पेटलीय आणि गाणी भयंकर चिडलेली.

राहिला ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट'. जूनमध्येच आलाय, जो तो त्याचंच बोलतोय, त्यामुळे मला अजून तो धड ऐकूच येत नाहीये. त्याचं डिसेंबरमध्ये विचारा.