झीरो टच प्रोव्हिजनिंग आणि फायरवॉलचा फॉर्म : माझा अनुभव

बारा लीफ (सर्व्हर जोडणारे) आणि दोन स्पाइन (लीफना एकमेकांशी जोडणारे) स्विच रॅकमध्ये चढले होते, केबल ओढून झाल्या होत्या. नेटबॉक्समधली (नेटवर्कच्या नोंदवहीतली) माहिती, जिंजाचे कॉन्फिगरेशनचे टेम्प्लेट, अन्सिबलची (कामं आपोआप करणारी) प्लेबुकं, सगळं गिटमध्ये तयार. अडकलं ते एका फॉर्मवर. अकरा दिवस! अजून आठवलं की जीव चडफडतो.

काम इंदूरमधल्याच एका क्लायंटच्या डेटा सेंटरचं. झीरो टच प्रोव्हिजनिंग म्हणजे नवा स्विच चालू झाला की डीएचसीपीकडून (नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) पत्ता घेतो, त्याच उत्तरातल्या ऑप्शन 67 मधून फाइलचं नाव कळतं, ती उतरवून घेऊन स्वतःच कॉन्फिगर होतो. आमचा डीएचसीपी सर्व्हर मात्र फायरवॉलच्या पलीकडे. म्हणजे फॉर्म भरून सुरक्षा विभागाची परवानगी घेणं आलं.

'सोर्स'च्या (पॅकेट कुठून येतं त्या पत्त्याच्या) रकान्यात मी 0.0.0.0 लिहिलं, कारण स्विचला तेव्हा पत्ताच नसतो. फॉर्म परत. मग मॅनेजमेंटचं अख्खं सबनेट (स्विच सांभाळायच्या नेटवर्कमधले सगळे पत्ते) लिहिलं. पाच दिवसांनी परत, रेंज फार मोठी म्हणून. फोन केला तर एकच उत्तर, "फॉर्म फिर से भर दीजिए, मैडम।" नक्की काय लिहायचं ते कुणी सांगेना. सकाळी पोहे समोर निवत असायचे आणि मी मेल बघत बसायचे. आई म्हणायची, "अगं, आधी खाऊन तरी घे."

शेवटी टीममधल्या दादांनी विचारलं, "फायरवॉलवर पॅकेट पाहिलंस का तू?" पाहिलं नव्हतं. तिथे 0.0.0.0 पोचतच नाही! स्विचचा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून दिलेली हाक) रिलेपाशी, म्हणजे ती पुढे पोचवणाऱ्या मधल्या उपकरणापाशी थांबतो. रिले तो यूनिकास्ट (एकालाच उद्देशून) करून सर्व्हरच्या यूडीपी 67 वर धाडतो. मी रिलेचा पत्ता लिहिला, फॉर्म मंजूर झाला, तरी स्विचला पत्ता मिळेना. कारण आमच्या रिलेचं पॅकेट अपलिंकचा (सर्व्हरकडे जाणाऱ्या लिंकचा) पत्ता घेऊन निघत होतं आणि सर्व्हरचं उत्तर जात होतं पॅकेटच्या आत लिहिलेल्या गेटवेच्या (रिलेच्या स्विचकडच्या बाजूच्या) पत्त्यावर. दोन्ही पत्ते हवे होते. चौथा फॉर्म भरला.

म्हणून सांगते, फॉर्मला हात लावण्याआधी पॅकेट कॅप्चर करा. आणि फाइल टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या जुन्या, साध्या पद्धतीने) देऊ नका. त्याची सुरुवात पोर्ट 69 वर होते, पण पुढची देवाणघेवाण वेगळ्याच पोर्टवर जाते, की पुन्हा फायरवॉलची अडचण. आम्ही एचटीटीपी ठेवलं आणि त्याची ओळ चौथ्याच फॉर्ममध्ये घातली.

बाराव्या दिवशी दुपारी पहिल्या लीफने पत्ता घेतला, फाइल उतरवली, बीजीपी शेजारी (एकमेकांना मार्ग कळवणारे स्विच) वर आले. मला खुर्चीत बसवेना. दादांनी खालून कचोऱ्या मागवल्या. संध्याकाळपर्यंत चौदाही स्विच उभे, एकालाही हाताने कॉन्फिगर करायची कन्सोल केबल लावावी लागली नाही.

एक राहिलंच. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेण्याची पद्धत) प्रत्येक पॅकेटवर 50 बाइट चढवतं, तेव्हा फॅब्रिकच्या, म्हणजे लीफ-स्पाइनमधल्या लिंकवर एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) 9216 टेम्प्लेटमध्येच लिहून टाका. आणि केबल बरोबर पोर्टात आहेत का, हे एलएलडीपीची (स्विच शेजाऱ्याला आपली ओळख सांगतो त्याची) माहिती नेटबॉक्सशी ताडून बघा. आमच्या दोन उलट निघाल्या.