दहावीच्या बक्षिसाविषयी, तुम्ही विचारलंत म्हणून

रत्नागिरीत माझे वह्या-पुस्तकांचे आणि लेखनसाहित्याचे दुकान आहे. दहावीचा निकाल लागला की त्याच संध्याकाळपासून पेढ्यांचा पुडा घेऊन आलेली मंडळी गल्ल्यापाशी उभी राहून विचारतात, "पोराने नाव काढले, आता त्याला काय द्यावे?" समोर गिऱ्हाइकांची रांग असताना लांबण लावता येत नाही, आणि माल विकणाऱ्याने बक्षिसावर प्रवचन देणे शोभतही नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. दोन्ही वर्षी राज्यात पहिला. पास होणे ही आपल्याकडे बातमीच उरलेली नाही, त्यामुळे घराघरांत सारी झटापट टक्क्यांची असते आणि बक्षीसही टक्क्यांच्या दावणीला बांधलेले असते. "नव्वद पाड, मोबाइल तुझा," हे वाक्य मीही माझ्या मुलाला ऐन गणपतीत, मुंबईहून आलेल्या भावांच्या देखत ऐकवले होते. त्याला ८८.४० मिळाले. ज्या गुणांवर शेजारच्या घरी पेढे वाटले गेले असते, त्याच गुणांपायी आमच्याकडे दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. मोबाइल मी आणलाच, पण तो हातात घेताना मुलगा आनंदला नाही, "घेतला तर चालेल ना?" एवढेच म्हणाला.

अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या ज्या मुलांना बक्षीस आधी कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळाले, त्यांची आवड घटली नाही. ती मुले चिमुरडी होती आणि आपली सोळा वर्षांची आहेत, हे मान्य. तरीही त्यानंतर मी गुणांवर काहीही कबूल केलेले नाही. गुण परीक्षकाच्या हातात असतात. रोजचा एक तास मुलाच्या हातात असतो, आणि काही कबूल करायचेच असेल तर ते त्या तासावर करावे.

स्कूटरचा विषय मी लवकर संपवतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा, आणि शोरूममध्ये रांगेने उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. घाटीच्या वळणावर जे होऊ शकते ते निराळेच.

खरा विचार करायचा तो आपल्या हवेचा. निकाल लागतो आंब्याच्या शेवटच्या पेट्या निघत असताना, आणि त्यापाठोपाठ चार महिने पाऊस, आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. या दमटपणात कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी धरते, गिटारचे लाकूड फुगते, कातड्याचे बूट पांढरे पडतात आणि पुस्तकांना कसर लागते (माझ्याच दुकानातल्या पुस्तकांना लागते, तेव्हा हे अनुभवाचे बोल). आकाश पाहण्याची दुर्बीण जूनमध्ये घेतली, तर ऑक्टोबरपर्यंत ढगांखेरीज काही दिसायचे नाही आणि तोवर मुलाची हौस फिटलेली असेल. बक्षीस निकालाच्याच दिवशी दिले पाहिजे, असे कोणी ठरवले?

माझ्या मुलीला भाट्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारे कुरव पक्षी मोजण्याचा नाद होता. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते आणि त्याला गुणही नव्हते. तिच्या दहावीनंतर मी पाऊस सरेपर्यंत थांबलो आणि दिवाळी झाल्यावर तिला ८ बाय ४२ ची दुर्बीण दिली. तिच्यातून आठपट मोठे दिसते आणि समोरच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असल्यामुळे पहाटेच्या अपुऱ्या उजेडातही पक्षी ओळखता येतात. बरोबर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या दिल्या. डबा पाहून घरात सगळे हसले, पण त्या डब्यामुळेच भिंगे अजून स्वच्छ आहेत.

गुहागरच्या भाच्याला ६१ टक्के पडले, त्याच वर्षी त्याच्या चुलत बहिणीला ९४. ती वाचणारी मुलगी, तिला तिच्या पसंतीची पुस्तके घ्यायला सांगितले आणि तो प्रश्न मिटला. भाचा मात्र वाडीतले मिक्सर, पंखे आणि बागेतला पाण्याचा पंप दुरुस्त करायचा, आणि निकालाच्या दिवशी तोच पंप खोलून मागच्या पडवीत बसला होता. त्याला मी मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा संच दिला. दोन्हींचे मिळून त्या घड्याळाइतकेही पैसे पडले नाहीत, जे बहिणीला दुसऱ्या काकांनी दिले होते. आजी म्हणाली, "एकसष्टला कसले रे बक्षीस?" मी म्हटले, "एकसष्टला नाही, पंपाला."

राहता राहिले चाकरमानी काकांचे पाकीट. ते आईने देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवू नये. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते आणि त्याला ५०० रुपये पुरतात. अर्ज त्यालाच भरू द्या, खिडकीपाशीही त्यालाच उभे करा आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा.