सासूबाई, मी आणि दगडातली ती बाई

वेल्समधल्या तीन दिवसांबद्दल एवढंच: पाऊस. परतताना अ‍ॅबरगॅव्हेनी ते हेरफर्ड रस्त्यावर किलपेकची पाटी दिसली आणि मी गाडी आत वळवली. लेक मागे गाढ झोपलेली, म्हणून बायको गाडीतच थांबली. उतरलो ते सासूबाई आणि मी. इथेच चुकलं.

गाव मूठभर घरांचं. चर्च 1140 च्या सुमाराचं, तांबूस वालुकाश्मातलं आणि इतकं छोटं की आपल्याकडचं एखादं मंगल कार्यालय मोठं वाटेल. मागे नॉर्मन किल्ल्याची टेकडी, वर पडक्या भिंतीचे दोन तुकडे. किल्ला गेला, चर्च राहिलं. दक्षिण दरवाजाच्या कमानीवर एकमेकांना गिळणारे साप-ड्रॅगन, वेलींत अडकलेले विजारवाले योद्धे, वर जीवनवृक्ष. पावणेनऊशे वर्षं उन्हापावसात काढूनही कोरीवकाम असं की सासूबाईंनी हात लावून पाहिलाच. माहेर सिन्नरचं, त्यामुळे कुठलंही जुनं बांधकाम त्या तिथल्या गोंदेश्वराच्या देवळाशी ताडून बघतात. "आमचा दगड काळा, पण झिजलाय हो. ह्यांचा बरा टिकला."

छपराखाली सगळीकडून दगडी तोडे आहेत, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले कोरीव दगड. मुळात 91, आज 85 उरलेत. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, अगदी आजच्या कार्टूनसारखे. त्यावर आम्ही दोघं मनापासून हसलो. आणि मला आठवलं, की शीला-ना-गिग इथलीच! टकलं डोकं, बटबटीत डोळे आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी बाई. चर्चवर! वासनेविरुद्ध इशारा म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून की सुफलतेची देवी म्हणून, यावर अभ्यासक अजून भांडतात.

मी घाईघाईने म्हणालो, "आई, आत चला, थंडी आहे." जावयाने सासूला दाखवायची ही गोष्ट नव्हे.

त्या जागच्या हलल्या नाहीत. मान वर, पदर कानावर.

"अहो, ही लज्जागौरी की हो! बदामीच्या म्युझियममध्ये पाहिली होती आम्ही." मग थोडं थांबून, "पण तिला डोकं नसतं, कमळ असतं. हिला तोंड आहे, आणि बघा, हसतेय मेली."

मी बुटांकडे बघत "हो का" म्हणालो. माझे कान तापले होते, आणि सासूबाई मात्र हरितालिकेच्या मूर्तीत खोट काढावी तशा शांतपणे बोलत होत्या.

आत गेलो. कमानीच्या दोन्ही अंगांना एकावर एक उभे संत, त्यातल्या एकाच्या हातात भली मोठी किल्ली. सासूबाईंनी दानपेटीत दोन पौंड टाकले. मी काहीच टाकलं नाही, सुटे नव्हते. तसं नंतर बायकोला सांगितलं.

गाडीत तिने विचारलं, "काय पाहिलंत एवढा वेळ?"

मी किल्ली फिरवली. मागून सासूबाई म्हणाल्या, "कुत्रा आणि ससा."