वेगळ्या गॅरेजपर्यंत वीज नेताना: हिरवी तार आणि जमिनीतला रॉड

न्यू जर्सीतील जुन्या वस्त्यांमध्ये गॅरेज पुष्कळदा घराला लागून नसते. ते परसाच्या टोकाला वेगळे उभे असते आणि एक दिवा व एक सॉकेट यापलीकडे तेथे विजेची सोय नसते. आमचे गॅरेज त्यातलेच. विजेवर चालणारी गाडी घ्यायचे ठरले, तेव्हा ३२ अँपिअरचा चार्जर तेथे बसवणे ओघानेच आले. तासन्‌तास सलग चालणाऱ्या उपकरणाला त्याच्या भाराच्या सव्वापट क्षमतेचे सर्किट द्यावे लागत असल्याने एकट्या चार्जरलाच ४० अँपिअरचा ब्रेकर हवा होता. म्हणून घरातल्या मुख्य पॅनेलपासून ६० अँपिअरची लाइन नेऊन गॅरेजमध्ये छोटे पॅनेल बसवण्याचे ठरले.

गावाच्या बांधकाम विभागाकडून परवाना घेणे आणि खोदण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवणे ही कामे आधी उरकावी लागतात. फोन केल्यावर गॅस आणि वीज कंपन्यांची माणसे येऊन आपापल्या वाहिन्यांच्या जागा जमिनीवर रंगाने आखून देतात, आणि त्यासाठी घरमालकाला पैसे पडत नाहीत. पीव्हीसी पाइप वापरल्यास पाइपाची वरची कड जमिनीखाली किमान १८ इंच असावी लागते. पाइपाविना थेट पुरण्याच्या केबलसाठी हीच खोली २४ इंच आहे. घरात भिंतींमधून फिरवतात ती साधी केबल या पाइपात चालत नाही, कारण जमिनीखालचा पाइप कितीही घट्ट जोडला तरी आत दमटपणा येतो आणि अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता (वीजजोडणीचे नियम) त्याला ओली जागाच मानते. त्यामुळे ओलाव्याला टिकणाऱ्या सुट्या तारा ओढल्या: दोन हॉट (जिवंत) आणि एक न्यूट्रल ६ गेज तांब्याच्या, आणि चौथी हिरवी, म्हणजे ग्राउंडची (अर्थिंगची), १० गेजची (गेज हे जाडीचे माप; आकडा लहान तितकी तार जाड). चर बुजवण्यापूर्वी तपासनिसाला उघडा दाखवावा लागतो, हे विसरू नये.

खरी गुंतागुंत पुढे आहे. आपल्याकडे अर्थिंग म्हटले की मीठ-कोळसा भरलेला खड्डा आणि त्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला सांगणारा वायरमन आठवतो. त्यामुळे ‘रॉड चांगला असला की शॉक लागत नाही’ अशी समजूत मनात पक्की बसलेली असते. ती येथे घेऊन येणे धोक्याचे आहे. गॅरेजजवळ आठ फुटी रॉड ठोकावा लागतो हे खरे. एका रॉडचा रोध २५ ओहम किंवा त्याहून कमी असल्याचे दाखवता आले नाही, तर किमान सहा फुटांवर दुसराही ठोकावा लागतो, आणि मोजत बसण्यापेक्षा बहुतेक जण सरळ दोन ठोकून मोकळे होतात. पण समजा, १२० व्होल्टची तार एखाद्या यंत्राच्या धातूच्या अंगाला टेकली आणि प्रवाहाला परतण्यासाठी २५ ओहमच्या रॉडवाचून दुसरी वाट नसली, तर फार तर ४.८ अँपिअर वाहतील. एवढ्याने २० अँपिअरचा ब्रेकर हलणारही नाही आणि यंत्राचे अंग जिवंतच राहील. ब्रेकर पाडते ती हिरवी तार, कारण ती प्रवाहाला थेट मुख्य पॅनेलकडे परत नेते, त्या वाटेचा रोध ओहमच्या अंशात असतो आणि शेकडो अँपिअर क्षणात वाहतात. रॉडचे काम वीज कोसळली किंवा बाहेरच्या तारांवर उच्च दाब आला, तर त्याला जमिनीची वाट देणे, एवढेच. आपल्या खेड्यांतही खड्ड्यातला प्रवाह मातीतूनच ट्रान्सफॉर्मरपर्यंत परततो. म्हणून तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवणे हाच खरा उपाय आहे, मीठ-कोळसा नव्हे.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. न्यूट्रल आणि ग्राउंड यांची गाठ फक्त घराच्या मुख्य जोडणीपाशी पडायला हवी. गॅरेजच्या पॅनेलमध्ये न्यूट्रलची पट्टी डब्यापासून अलग ठेवायची, सोबत आलेला हिरवा बाँडिंग स्क्रू लावायचा नाही आणि ग्राउंडच्या तारांसाठी डब्याला वेगळी पट्टी जोडायची. दोन्हीकडे गाठ मारली, तर न्यूट्रलचा रोजचा प्रवाह हिरव्या तारेतून आणि गॅरेजमधल्या धातूंतूनही वाहू लागतो. पूर्वी तीनच तारा नेऊन न्यूट्रललाच ग्राउंड करण्याची मुभा होती, ती संहितेच्या २००८ च्या आवृत्तीपासून नव्या कामांना उरली नाही. माझ्या मते हा निर्णय आणखी आधी व्हायला हवा होता. अशा जोडणीत न्यूट्रल कुठे तुटली, तर चालू दिव्यातून आलेला प्रवाह पॅनेलच्या डब्यावर आणि प्रत्येक यंत्राच्या अंगावर येऊन थांबतो.

गॅरेजच्या पॅनेलला मुख्य ब्रेकर असलेलाच डबा घेतला, म्हणजे तेथल्या तेथे सगळी वीज तोडण्याची सोयही त्यातच होते. ज्यांना चार्जर नको, नुसता दिवा आणि एखादे सॉकेट हवे, त्यांनी एवढ्या खटाटोपात पडू नये. हिरव्या तारेसह एकच सर्किट नेले, तर रॉडची सक्ती नाही. आणि ते १२० व्होल्टचे, २० अँपिअरपर्यंतचे व घरातच जीएफसीआयने (गळती होताच वीज तोडणाऱ्या, आरसीसीबीसारख्या उपकरणाने) संरक्षित असेल, तर १२ इंचांचा चरही पुरतो.