बोरी कुठे मिळते?

बुधवार, रात्री

सातवीला आज तापी घेतली. अख्ख्या तासाला एकच स्लाइड, आणि तिच्यावर एकही वाक्य नाही.

ग्रुपवर फिरणाऱ्या तयार पीपीटी मला पटत नाहीत. पुस्तकातला परिच्छेदच उचलून टाकलेला असतो. पोरं तो मुकाट वहीत उतरवतात आणि घंटा होते. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं ते कचेरीतल्या बैठकांसाठी. तिथे मुद्दे वाचून दाखवले की भागतं. वर्गात मुद्दा पोरांच्या तोंडून यायला हवा.

म्हणून मुलताईपासून खंभातच्या आखातापर्यंतचा कोरा नकाशा घेतला आणि त्यात तापीची निळी रेघ. रेघेला 'वाइप' हे अॅनिमेशन लावलं, म्हणजे रेघ एका बाजूने हळूहळू उघडत जाते. ते एरवी खालून वर उघडतं, म्हणून दिशा 'उजवीकडून' केली. नदी ७२४ किलोमीटरची, तेव्हा वेगही कमी केला. रेघेचे तुकडे दोन. पहिला हतनूर धरणापाशी थांबणारा.

क्लिक केलं. रेघ हळूहळू बऱ्हाणपूरवरून पुढे सरकली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हाई उलटी चालनी!" गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात हे त्यांना ठाऊक होतं. रेघ हतनूरला थांबली आणि मी 'बी' दाबलं. स्लाइड शो चालू असताना ही कळ दाबली की पडदा काळा होतो. साऱ्या अॅनिमेशनपेक्षा मला तीच मोलाची वाटते, कारण पोरं चित्र सोडून एकमेकांकडे बघतात. "आता पुढे कुठे जाईल?" एवढंच विचारलं. जो गलका झाला, तो मी थांबवला नाही.

मग उरलेली रेघ समुद्रापर्यंत नेली. एकीने लगेच विचारलं, "आमनी बोरी कोठे शे?"

बोरी म्हणजे तापीची उपनदी. उपनद्या मी मुद्दामच काढल्या नव्हत्या. पडद्याऐवजी भिंतीला कार्डशीट चिकटवले होते, म्हणून तिच्या हातात स्केचपेन दिलं. दक्षिणेकडून बोरी आणून तिने तापीला मिळवली. गिरणा बोरीच्या आधी मिळते की नंतर, यावर दोघं भांडले. आधी, हे ठरलं. पांझरा नदी बोरीच्याही पश्चिमेला सरकली. सहसा न बोलणारा एक जण उठला आणि त्याने उत्तरेकडून, सातपुड्यातून अनेर काढली. तिच्या काठी त्याच्या मामाचं गाव आहे. नदी कुठे वळते, बैलं कुठून पार करतात, सगळं सांगत होता. मी ऐकत राहिलो. फार बरं वाटलं.

तेवढ्यात लाइट गेली. नकाशा गेला, पण त्यांच्या नद्या कार्डशीटवर होत्याच. तास पुढे चालला.

"उलटी का चालनी?" हे मात्र उद्यावर ठेवलंय. आता तीच स्लाइड करतोय: वर सातपुडा, खाली अजिंठा-सातमाळ्याची रांग, आणि क्लिक केलं की मधला जमिनीचा ठोकळा खाली खचतो. खचदरी हा शब्द स्लाइडवर लिहिणार नाही. आधी ठोकळा खचू दे, पाणी कुठून वाहील ते त्यांनाच सांगू दे.